लाइन जायच्या आत

वितळत्या राळेचा वास आधी गोड येतो आणि घशात उतरताना कडवट होतो. सोल्डरची तापलेली सळई राळेच्या पिवळ्या खड्याला टेकली की चर्र असा बारीक आवाज होतो, निळसर धूर वळसे घेत वर येतो, आणि एवढ्याशा खोलीत क्षणभर कुठलंसं अरण्य दाटतं. यंदा दिवाळीला मी मलकापूरला भावाकडे गेले होते. बाजारातल्या एका मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवरून हा वास अंगावर आला आणि माझे पाय आपसूक थांबले. सोबत भाची होती, सई; यंदाच कॉलेजात गेली आहे. तिचे इयरफोन दुरुस्तीला द्यायचे होते.

"आत्या, काऊन थांबली?"

"वास घेतेय."

"मोबाइलच्या दुकानाचा?" तिनं आजूबाजूला कुणी ऐकलं तर नाही ना, असं पाहून घेतलं. "तू पण ना, आत्या!"

मोबाइलच्या दुकानाचा नव्हे. रशीदचाचांच्या दुकानाचा.

त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान याच रस्त्यानं पुढे, कापसातून सरकी काढणाऱ्या जीनच्या भिंतीला लागून होतं. आता तिथे एक बंद शटर आहे आणि शटरला टेकलेल्या कुणाच्या तरी सायकली. तेव्हा तिथे टीव्ही असत. फळ्यांवर, जमिनीवर, एकमेकांच्या डोक्यावर. पाठ उघडी पडलेले, पोटातल्या तारा बाहेर आलेले, आपली पाळी येण्याची वाट पाहणारे. त्यांना नावं नव्हती, गावं होती. 'वडनेरवाला' सगळं जग हिरवं करून दाखवायचा. 'नांदुऱ्यावाल्या'चं चित्र थोड्या थोड्या वेळानं खालून वर सरकत जाई, रहाट फिरावा तसं. एक होता लाकडी पेटीतला, सरकत्या दारांचा, काळापांढरा. त्याला चाचा आदबीनं 'बडे मियाँ' म्हणत आणि त्याच्या दारांना अधूनमधून गोडं तेल लावत.

चाचांची मुलगी नसीम माझ्या वर्गात होती, माझ्याच बाकावर. तिच्या मामूनं तिला टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणून दिला होता: एक राखाडी डबा, वायरी लावलेले दोन रिमोट आणि एकुलती एक कॅसेट, जिच्यावरचं चित्र आमच्या हातात येईपर्यंत पुरतं पुसून गेलं होतं. दुकानामागच्या खोलीत तो डबा आम्ही नुकत्याच दुरुस्त झालेल्या टीव्हीला जोडायचो. चाचांची हरकत नसे. उलट गिऱ्हाइकांना ते सांगत, "टीव्ही घंटाभर चालवून पाहा लागते भाऊ, तवाच तुमच्या हाती देता येते." आमचा खेळ हा त्यांच्या कामाचा शेवटचा टप्पा होता. त्यामुळे दर वेळी टीव्ही निराळा असे, आणि एकच खेळ आम्ही कधी हिरव्या जगात, कधी सरकत्या जगात, तर कधी वरचा अर्धा भागच न दिसणाऱ्या जगात खेळलो. न दिसणाऱ्या अर्ध्यात काय आहे ते नसीमला पाठ होतं.

कॅसेट बसवण्याआधी ती तिच्यात फुंकर मारी, चुलीतला निखारा जागा करावा तशी, गाल फुगवून, डोळे मिटून. मग खट्ट. मग भुरभुरणारा पडदा. आणि एक बारीक, टिणटिणीत धून, जी आजही मला दूध उतू जायच्या बेतात असताना नेमकी आठवते. खेळात एक ठेंगणा माणूस होता, हातात कंदील घेतलेला. आम्ही त्याला बुटक्या म्हणायचो. बुटक्या एका खेड्यातून निघायचा, काट्याकुट्यांतून, बर्फातून, समुद्रावरच्या लाकडी फळ्यांवरून पळत पळत एका किल्ल्यापर्यंत जायचा. किल्ल्याच्या टोकाला एक दार होतं. दारापलीकडे काय, हे आमच्या गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या खेळाला स्मरण नव्हतं. टीव्ही बंद झाला, की बुटक्या आपला सगळा प्रवास विसरायचा आणि पुन्हा पहिल्या खेड्याच्या वेशीवर येऊन उभा राहायचा. आणि मलकापुरात त्या दिवसांत लाइन जायची. दुपारी तर हमखास. पंखा हळू होत होत थांबे, जीनची घरघर मिटे, पलीकडच्या घरातली कुणीतरी मोठ्यानं म्हणे, "गेली व माय!" आणि आमचा बुटक्या समुद्राच्या मधोमध नाहीसा होई.

म्हणून नसीम पळायला शिकली. तिला त्या दारापलीकडचं पाहायचं होतं, आणि ते लाइन जायच्या आतच शक्य होतं. कुठे उडी आधी घेतली तर खालची अख्खी गुहा टळते, कुठल्या भिंतीला अंग घासत राहिलं तर बुटक्या भिंतीतूनच आरपार निघतो, हे तिनं एकटीनं शोधून काढलं. अशा जागांना ती 'चोरवाटा' म्हणे. रिमोटवर तिचे अंगठे चालत तेव्हा आवाज यायचा तो सरी झेलणाऱ्या पत्र्यासारखा. मी मात्र तिच्या अगदी उलट. माझी पाळी आली की मी रेंगाळत असे.

"काय पाहून राह्यली व?"

"समुद्र."

"समुद्र कुठी चालला? लाइन चालली!"

पण तो समुद्र होता. मलकापूरच्या मुलीनं तोवर खरा समुद्र पाहिलेला नव्हता. निळ्या चौकोनांच्या तीन रांगा एकमेकींवरून सरकत, एवढाच तो. तरी त्याला भरती आहे असं मला वाटायचं. ढगांना काळी किनार असायची, जणू कुणी काजळात बोट बुडवून ती ओढली असावी. मी पाहत राहायचे, आणि एखादं काटेरी डुक्कर येऊन बुटक्याला गिळून टाकायचं. नसीम कपाळावर हात मारून घ्यायची.

पुढे हिवाळा यायचा. जीनच्या अंगणात कापसाचे ढीग चढत, गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत लागे, हवेत सरकीचा तेलकट, उबदार वास मुरे. कापसाचे सूक्ष्म तंतू तरंगत तरंगत दुकानात येत आणि चालू टीव्हीच्या काचेला जाऊन चिकटत. काचेवर हात फिरवला की चटचट ठिणग्यांसारखं व्हायचं, दंडावरची लव उभी राही. चाचा फडक्यानं काच पुसत, तंतू पुन्हा येत. बुटक्या उन्हाळ्यातल्या खेड्यातून पळत असला तरी त्याच्यावर मलकापूरचं हिम पडत असे.

एकदा वडनेर भोलजीहून एक काका आपला हिरवा टीव्ही न्यायला आले, नेमकी नसीम किल्ल्याच्या पायथ्याशी पोचलेली असताना. सोबत टीव्ही गुंडाळायला गोधडी आणली होती.

"काका, दोन मिनिटं!" नसीमनं मान न वळवता विनवलं.

"आमची बस आहे ना, बाई."

"काका, दार येऊन राह्यलं!"

काका दाराशी उकिडवे बसले. मग थोडे पुढे सरकले. मग गोधडी घडी करून बुडाखाली घेतली.

"हे पोट्टं एवढं जीव तोडून चाललं कुठी?"

"घरी."

"कोनाच्या?"

"ते शेवटी समजन."

"अन् तुले कोनं सांगतलं, का घरीच चाललं म्हनून?"

तेवढ्यात वरून दगड पडला आणि काकाच ओरडले, "अरे उडी मार, लेका, उडी मार!" बुटक्यानं उडी मारली नाही. काका खूप हळहळले. त्यांची बस गेली होती. चाचांनी चहा मागवला, आणि काकांनी चहा पिता पिता नसीमला खेडं, काटे, बर्फ सगळं पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं.

पण गल्लीत खरी ख्याती झाली ती नसीमच्या दादीची. खेळाच्या कोपऱ्यात एक आकडा असे, तो सारखा कमी कमी होत जाई. त्या टप्प्यासाठी उरलेला तो वेळ. दादी खाटेवर सुपारी कातरत बसलेली असे. तिनं एकदा विचारलं, "ये क्या घट रहा है, बेटी?" नसीम घाईत होती, म्हणाली, "टैम है, दादी. खतम होने के पहले जाना है." आणि योगायोग असा, की एका दुपारी तो आकडा शून्यावर यायला आणि लाइन जायला एकच गाठ पडली. त्या क्षणापासून दादीची पक्की समजूत झाली की लाइन कधी जाणार ते टीव्हीच्या कोपऱ्यात लिहून येतं. तिनं ते शेजारणीला सांगितलं. शेजारणीनं गिरणीवाल्याच्या बायकोला. मग दुपारी दुकानाच्या मागच्या दारातून बायका डोकवायला लागल्या.

"दादी, पाहा बरं, पान्याची मोटर लावू का?"

दादी चष्मा सावरून पडद्याकडे पाहायची. "अबी टैम है. जल्दी भर लो."

आणि बायका खरोखर धावत सुटायच्या. गंमत अशी, की त्या आधीपेक्षा लवकर पाणी भरू लागल्या, लवकर दळण आणू लागल्या, आणि लाइन गेली तेव्हा घरोघरी कामं आटोपलेली असायची. दादीचा शब्द खोटा पडला असं कुणाच्या कधी लक्षातच आलं नाही. खुलासा करायचा नसीमनं एकदा प्रयत्न केला. दादी म्हणाली, "तू खेल. तेरेको क्या समझता."

इयरफोन देऊन आम्ही घरी आलो. सई गच्चीवर फोन घेऊन बसली. कालपासून तिचं मन ठिकाणावर नव्हतं. मी चिवड्याची वाटी घेऊन तिच्याशेजारी टेकले आणि कारण विचारलं, तर तिनं मला एक संपूर्ण नवीनच शास्त्र समजावून दिलं.

"गेम खेळायची नाही, आत्या, पळवायची. सगळ्यात कमी वेळात संपवायची. जगभरातली पोरं करतात. स्पीडरन म्हणतात त्याले. लिस्ट लागते. माझं नाव वर होतं, काल एकानं खाली ढकललं."

"आणि ते धुकं?"

"कोणतं धुकं?"

"काल तुझ्या स्क्रीनवर पाहिलं मी. डोंगराच्या खांद्यावरून उतरत होतं. इतकं सुरेख धुकं कुणीतरी मन लावून काढलं असेल, आणि तू त्याच्याकडे पाहत नाहीस?"

"पाहते ना! त्या धुक्याच्या मागं एक भिंत आहे. तिच्यात घुसलं का डोंगरच टळते."

मला हसू आवरेना. ती रुसली. म्हणाली, "तुमच्या पिढीले वाटते का आम्ही घाई करतो."

मला खरंच तसं वाटत आलं होतं. कविता शिकलेल्या माणसाला सावकाशीचा अहंकार असतो. पण त्या दुपारी, नाकात अजून राळ असताना, मी सईच्या अंगठ्यांकडे पाहिलं आणि मला माझं मत बदलावं लागलं. घाईला रस्ता माहीत नसतो. ती आंधळी असते, ठेचाळते. हा वेग निराळा. एखादी ओवी इतक्यांदा म्हटलेली असावी की ती एका श्वासात ओठांवर यावी, तसा. सईला त्या डोंगराचा दगड न् दगड ठाऊक होता. मी ते धुकं एकदा पाहिलं आणि सुरेख म्हटलं. ती त्यातून किती वेळा गेली असेल! तिच्यापुढे माझं रसग्रहण म्हणजे एस्टीच्या खिडकीतून पाहिलेलं शेत.

"पण मग लिस्ट कशाला?" मी विचारलं. "मजा येते, तेवढं पुरत नाही?"

तिनं चिवड्यातले शेंगदाणे वेचत विचार केला. "मजा तर येतेच. पण एकटीची मजा खरी का खोटी, कसं समजन? नाव लागलं का कोणीतरी पाह्यलं असं वाटते."

साक्ष. तिला विजय नको होता. साक्षीदार हवा होता. हे मला कुठल्याही लेखात वाचून कळलं नसतं. मी तिला मग नसीमचं सगळं सांगितलं. दादीच्या भविष्यकथनावर ती इतकी हसली की वाटी कलंडली.

"अन् शेवट काय होता?"

"माहीत नाही."

"म्हणजे? एवढं पळून?" ती ताठ बसली. "गेमचं नाव सांग. आत्ता काढून दाखवते."

नाव आम्हाला कधीच ठाऊक नव्हतं. कॅसेटवरचं चित्र पुसलेलं होतं, आणि नसीम गेल्यावर तो डबाही पुन्हा कधी चालू झाला नाही. सईनं बुटक्या, कंदील, किल्ला असं काय काय शोधून पाहिलं. निरनिराळे बुटके निघाले, कंदीलही निघाले. आमचा निघाला नाही. तिला वाईट वाटलं. मला, कोण जाणे का, हलकं वाटलं.

चाचांनी दुकान का उठवलं, ते सगळे मलकापूर सोडून का निघाले, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नाही आणि पुढे मीही कुणाला विचारलं नाही. आठवतात त्या रिकाम्या फळ्या, आणि त्यांच्यावर धुळीत उमटलेले टीव्हींच्या पायांचे स्वच्छ चौकोन. 'बडे मियाँ' तेवढे मागे राहिले होते; त्यांचा मालक फिरकलाच नव्हता. चाचांनी ते आमच्या ओसरीवर आणून ठेवले. आई म्हणाली, "राहू द्या, भाऊ. येईन तवा नेईन तो."

निघायच्या सकाळी नसीम डबा आणि कॅसेट घेऊन आली. नवा फ्रॉक, तेल चोपडून घातलेल्या दोन वेण्या, त्यांना लाल फिती. तिला एकच गोष्ट हवी होती: मलकापूर सोडायच्या आत ते दार उघडलेलं पाहायचं होतं. तिनं फुंकर मारली. काळ्यापांढऱ्या पडद्यावर बुटक्या निघाला. तशी ती पूर्वी कधी पळाली नव्हती आणि तसं पळणारं पुढे मी कुणी पाहिलं नाही. काटे आले नि गेले, बर्फ आलं नि गेलं, राखाडी समुद्रावरून तो फळीफळीवर असा उतरला जणू फळ्याच त्याच्या पायाखाली येत होत्या. मी शेजारी श्वास धरून बसलेली. किल्ला आला. आणि फाटकाशी रिक्षाचा भोंगा वाजला.

"नसीम!" तिच्या अम्मीची हाक. "गाडी निकल जाएगी!"

नसीमनं माझ्याकडे पाहिलं आणि रिमोट माझ्या हातात दिला. गरम होता, घामानं ओला.

"घे. संपव."

"मी? मले नाही जमत व."

"जमते. किल्ल्याच्या भिंतीवर कुठी काय आहे, ते तुलेच ठाऊक. मी कधी पाह्यलं?" ती उठली, चप्पल शोधू लागली. "संपव अन् स्टेशनवर ये. गाडी सुटायच्या आत सांगजो."

रिक्षा गेली. मी आणि बुटक्या उरलो. मी पळाले नाही; मला पळता येत नव्हतंच. मी माझ्या चालीनं गेले. कुठल्या कोनाड्यातून दगड पडतो, कुठल्या खिडकीत डोळे लुकलुकतात, ते सगळं नसीम खेळताना मी शेजारून इतक्यांदा निरखलेलं होतं की मला भीती वाटली नाही. शेवटचा जिना. दार. बुटक्या दाराशी थांबला, माझं बोट उचललेलं असतानाही त्यानं आपणहून कंदील वर केला. दाराला एक पांढरी रेघ पडली. रेघ रुंद होऊ लागली.

आणि लाइन गेली.

जुन्या टीव्हीचं चित्र एकदम जात नाही. ते सगळ्या बाजूंनी आक्रसत मधोमध येतं, एक पांढरा ठिपका उरतो, आणि तो ठिपका निवांत, अगदी आपल्या सवडीनं विझतो. मी तो विझेपर्यंत पाहिला आणि मग मी धावले. अनवाणी. जीनच्या अंगणातून, कापसाच्या ढिगांमधून, कुणीतरी "ओ पोट्टे!" म्हणून ओरडलं, डोक्यात कापूस, तोंडात कापूस, रुळांकडेच्या बाभळींखालून थेट स्टेशनात.

पॅसेंजर उभी होती. मागून येणाऱ्या एक्स्प्रेसला वाट द्यायला तिला बाजूला काढलं होतं. नसीम खिडकीत होती. तिनं मला दुरूनच पाहिलं आणि गजांतून हात काढून हलवला.

मी खिडकीखाली पोचले आणि गजांना धरून श्वास घेऊ लागले.

"लाइन गेली नं?" तीच म्हणाली. स्टेशनासमोरच्या पिठाच्या गिरणीकडे तिनं हनुवटीनं खूण केली. "गिरनी बंद पडली, तवाच समजलं मले."

"हाव."

"कुठवर गेली होती?"

"दार उघडलं होतं."

"खरंच?" तिचे डोळे गजांना येऊन भिडले. "अंदर काय होतं?"

"उजेड."

"अजून?"

एक्स्प्रेस धडधडत गेली. तिच्या वाऱ्यानं माझ्या केसांतला कापूस उडाला आणि नसीमच्या लाल फितीवर जाऊन बसला. मला त्यापुढचं काही दिसलेलं नव्हतं. ते तिलाही ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे मलाही. तरी ती थांबली होती. जिनं मला समुद्राशी कधी घडीभर उभं राहू दिलं नाही, ती गजांवर हनुवटी टेकून, अजिबात घाई नसल्यासारखी माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"अंदर दिवस असते," मी म्हटलं. "म्हनून तो कंदील खाली ठेवते."

शिटी झाली. डबे एकमेकांवर आदळून सैल झाले. गाडी हलली आणि मी तिच्यासोबत चालू लागले.

"मंग... नाही, थांब, आधी तो बसते. इतका पळला, तर पह्यल्यानं बसते. तिथं एक विहीर असते. तो पानी पेते. पानी गोड असते."

गाडीनं वेग घेतला, मीही घेतला.

"अन् तितल्यात कोनीतरी त्याले आवाज देते. बुटक्या नाही म्हनत. त्याच्या खऱ्या नावानं आवाज देते!"

फलाट संपत आला होता. पुढे उतरती खडी होती आणि माझे पाय अनवाणी. मी थांबले. खिडकी पुढे जात राहिली. नसीमनं गजांना गाल लावून, मान जमेल तेवढी मागे वळवून, वाऱ्यावर ओरडून विचारलं,

"मंग?"